वर बर्फ, खाली कोमट: ठाण्यातील एका फ्रीजची घरी केलेली दुरुस्ती

आषाढाच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या घरातील दूध सलग दोन दिवस सकाळी तापवताना नासले. पहिल्या दिवशी मी दोष पिशवीला दिला, दुसऱ्या दिवशी रात्री ओट्यावर जास्त वेळ राहिले असेल अशी समजूत करून घेतली. तिसऱ्या दिवशी भाजीचा खण बाहेर ओढला तेव्हा त्याच्या तळाशी बोटभर पाणी साचलेले दिसले, कोथिंबीर काळी पडली होती आणि विरजण लावलेल्या दह्याला फ्रीजमध्ये असूनही आंबूस वास सुटला होता. वरच्या कप्प्यातील बर्फाचे खडे मात्र टणक होते. २०१३ साली घेतलेला, दोन दरवाजांचा, आपोआप बर्फ वितळवणारा हा फ्रीज त्या क्षणापर्यंत एकदाही बिघडला नव्हता, त्यामुळे त्याच्या आत काय असते याचा विचार करण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

दूध आणि भाजी गेल्याचे दुःख मोठे नव्हते. दरवाजातील वरच्या फळीवर सासूबाईंच्या इन्सुलिनचा दोन महिन्यांचा साठा होता आणि खरी काळजी त्याची होती. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते आणि ते एकदा गोठले तर पुन्हा वितळले तरी टाकून द्यावे लागते, म्हणून ते वरच्या बर्फाच्या कप्प्यात हलवण्याचा प्रश्नच नव्हता. मी त्याच सकाळी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी साठा ताबडतोब चालू फ्रीजमध्ये हलवायला सांगितले आणि या पेट्या आता उघडलेल्या समजून आजपासून चार आठवड्यांच्या आत वापरायच्या, अशी सूचना दिली. शेजारच्या काकूंनी आपल्या फ्रीजमधील एक फळी रिकामी करून दिली. सासूबाईंनी सुचवले होते की, पूर्वीसारखे माठाच्या गारव्यात ठेवू. त्यांच्या माहेरी, सोलापूरकडे, उन्हाळ्यात माठाभोवती ओले फडके गुंडाळून त्यात औषधे ठेवत असत. परंतु माठ गार होतो तो पाझरलेले पाणी वाळल्यामुळे, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात हवाच इतकी ओलसर असते की ते पाणी वाळतच नाही. दोरीवरचे कपडे जिथे चार-चार दिवस सुकत नाहीत तिथे माठावर इन्सुलिनचा भार टाकता येत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले आणि त्यांनीही ते मान्य केले.

अंदाजावर विसंबून राहण्यापेक्षा आधी मोजावे असे मला वाटले. औषधांच्या दुकानातून आणलेला, फ्रीजचे तापमान मोजण्याचा एक साधा थर्मामीटर मी पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवला. नुसत्या हवेत ठेवलेला थर्मामीटर दरवाजा उघडताच वर सरकतो, म्हणून पाण्यात ठेवणे आवश्यक असते. सकाळी त्यावर १३ अंश दिसले. खालच्या कप्प्यात हे तापमान ४ अंशांच्या आसपास असायला हवे. वरच्या कप्प्यात उणे १८ अपेक्षित असताना उणे ९ होते. म्हणजे वरचा भागही निर्दोष नव्हता, फक्त त्याचा बिघाड डोळ्यांना दिसत नव्हता.

ओळखीतून एक मेकॅनिक आले. त्यांनी दोन्ही दरवाजे उघडले, मागे हात लावून पाहिला आणि पाच मिनिटांत सांगितले, “ताई, गॅस गेलाय. गॅस भरावा लागेल, साडेचार हजार होतील.” मी विचारले की गॅस गळला असेल तर कुठून गळला आणि गळती बंद न करता नवा गॅस भरला तर तो किती दिवस टिकेल. त्यावर त्यांनी ते भरतानाच बघू असे उत्तर दिले. पैसे देण्याला माझी ना नव्हती, पण एकही स्क्रू न काढता केलेले हे निदान मला पटेना. मी त्यांना फेरीचे पैसे दिले आणि दोन दिवसांनी कळवते म्हणून सांगितले.

पटेना याला कारण होते. फ्रीज सुरू असताना मी दोन्ही बाजूंच्या पत्र्यांना तळहात लावला, तेव्हा ते चांगले गरम लागले. हल्लीच्या फ्रीजमध्ये उष्णता बाहेर टाकणारी नळी मागे जाळीच्या रूपात दिसत नाही, ती या बाजूच्या पत्र्यांच्या आतून फिरवलेली असते. आतली उष्णता उचलून बाहेर आणण्याचे काम गॅस करतो, त्यामुळे गॅसच नसता तर कॉम्प्रेसर चालूनही बाजूचे पत्रे जवळजवळ खोलीच्या तापमानालाच राहिले असते. दुसरे म्हणजे वरचा कप्पा अजून गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली होता. गॅस थोडा कमी झाला तर पत्रे कोमट राहू शकतात आणि वरचा कप्पाही काही काळ गार राहू शकतो, हे मला नंतर समजले, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देता आला नसता. पण निकाल देणारी खूण आतच असते आणि ती पाहायला एक पॅनेल काढणे पुरेसे असते, असे आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी सांगितले. ते वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात विजेच्या विभागातून निवृत्त झालेले आहेत. वीज तपासण्याचा मल्टिमीटर त्यांचाच आणि पुढच्या सगळ्या कामावर नजरही त्यांचीच.

ती खूण समजण्यासाठी हा फ्रीज गार कसा होतो ते त्यांनी मला कागदावर काढून दाखवले, आणि ते समजल्यावर सगळा बिघाड उलगडत गेला. अशा फ्रीजमध्ये गार करणारी कॉइल एकच असते आणि ती वरच्या कप्प्याच्या मागच्या पॅनेलआड उभी असते. तिच्यावरून एक छोटा पंखा हवा खेचतो, त्यातली बरीच हवा वरच्या कप्प्यात सोडतो आणि थोडी हवा एका वाटेने खाली पाठवतो. खालचा कप्पा स्वतः काहीच गार करत नाही, तो वरून आलेल्या हवेवर जगतो. प्रत्येक वेळी दरवाजा उघडला की बाहेरची ओलसर हवा आत शिरते आणि तिच्यातील बाष्प त्या कॉइलवर भुरभुरीत बर्फ होऊन बसते. हा बर्फ साचत गेला तर हवेची वाट बंद होईल, म्हणून कॉम्प्रेसर साधारण आठ-दहा तास चालल्यावर एक टायमर त्याला थांबवतो आणि कॉइलखालचा हीटर वीस-तीस मिनिटे चालू करतो. वितळलेले पाणी एका भोकातून नळीने मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये उतरते आणि त्याच्या उष्णतेने हवेत उडून जाते. हीटर चालला नाही तर बर्फाची भिंत उभी राहते. तेव्हा सर्वात आधी हाल होतात ते खालच्या कप्प्याचे, कारण हवेच्या वाटेवर तोच सर्वात शेवटी आहे. वर बर्फ आणि खाली कोमट, याचा अर्थ हा होता.

काका म्हणाले की गॅस कमी असेल तर कॉइलच्या सुरुवातीच्या एक-दोन वेढ्यांवरच बर्फ दिसेल आणि उरलेली कॉइल कोरडी असेल. हीटरचा दोष असेल तर वरपासून खालपर्यंत सगळी कॉइल बर्फात पुरलेली सापडेल. साडेचार हजारांचा निर्णय एवढ्या एका दृश्यावर अवलंबून होता.

पॅनेलला हात लावण्यापूर्वी फुकट तपासता येण्यासारख्या गोष्टी मी पाहून घेतल्या. वरच्या कप्प्यातील हवेची भोके पिशव्यांनी बुजलेली नव्हती. फ्रीज भिंतीपासून जेमतेम दोन बोटे दूर होता, तो पुढे ओढून वीतभर जागा केली. दरवाजाच्या रबरात नोट धरून दरवाजा लावला आणि नोट ओढून पाहिली. बहुतेक ठिकाणी ती अडकून राहिली, परंतु खालच्या दरवाजाच्या बिजागरीकडील कोपऱ्यात ती सहज निसटली. तिथे रबर आत दबले होते आणि त्याच्या घडीत पिठाचा व सायीचा काळपट थर बसला होता. ठाण्यासारख्या खाडीकाठच्या गावात, जिथे पावसाळ्यात हवेची आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात राहते, एवढ्याशा फटीतूनही दिवसभरात बरेच बाष्प आत जाते. मूळ दोष हा नव्हता, पण बर्फ लवकर साचायला त्याने हातभार लावला असावा असे मला वाटते.

शनिवारी सकाळी काम हाती घेतले. “वहिनी, बटण बंद केलं ते पुरेसं नाही, प्लग काढून माझ्या हातात द्या,” हे काकांचे पहिले वाक्य होते आणि दिवसभर तो प्लग त्यांनी फ्रीजच्या डोक्यावर, सर्वांना दिसेल असा ठेवला. जुन्या इमारतींमध्ये बटण कधी कधी वीज आणणाऱ्या तारेऐवजी परतीची न्यूट्रल तारच तोडते आणि बटण बंद असूनही आत वीज राहू शकते, हे त्यामागचे कारण. बाजूच्या पत्र्यावरील चिकटपट्टी मी वाचली. त्यावर गॅसचे नाव आर-६००ए आणि वजन ४८ ग्रॅम असे लिहिले होते. हा आयसोब्यूटेन, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसच्याच कुळातला, पेट घेणारा वायू आहे. सासऱ्यांनी घेतलेल्या जुन्या फ्रीजमध्ये आर-१२ होता, तो ओझोनच्या थराला घातक ठरल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने बंद झाला. नवा वायू त्या बाबतीत निर्दोष आहे, परंतु तो हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो. त्यामुळे स्वयंपाकघराच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या, देवघरातील समई आणि गॅसची शेगडी काम संपेपर्यंत पेटवायची नाही आणि बर्फ काढायला सुरी, पेचकस किंवा उलथने अजिबात वापरायचे नाही, असे आम्ही ठरवले. कॉइल अॅल्युमिनियमची असते, तिला टोचायला फार जोर लागत नाही, आणि टोचली की दुरुस्तीऐवजी बहुतेक वेळा नवीन फ्रीजचीच खरेदी होते.

वरच्या कप्प्यातील बर्फाचा ट्रे आणि फळी काढल्यावर मागच्या पॅनेलवर दोन स्क्रू दिसले, त्यांवर प्लास्टिकच्या बारीक टोप्या होत्या. स्क्रू निघाले, पण पॅनेल हलेना. ते आतल्या बर्फाला चिकटले होते. माझी पहिली ओढ जोर लावण्याकडे होती आणि काकांनी तिथेच थांबवले. दरवाजे उघडे ठेवून, खाली जुने पंचे अंथरून आम्ही दोन तास वाट पाहिली. मग पॅनेल तळाकडून सैल झाले. ते सगळे ओढण्याआधी मागे हात घालून पंख्याच्या तारांचा जोड सोडवावा लागतो, नाहीतर तारा तुटतात. मी प्रत्येक जोडाचा आणि तारांच्या रंगांचा मोबाइलवर फोटो काढत गेले, आणि परत जोडताना त्या फोटोंशिवाय माझे पान हलले नसते.

पॅनेल निघाले तेव्हा समोर कॉइल दिसलीच नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकसंध पांढरी भिंत होती, तिच्यावर पंख्याच्या पात्यांनी घासून केलेली गोल खाच होती. गेले पंधरा दिवस रात्री येणारी ती खरखर कशाची होती हे तेव्हा कळले. एकही वेढा कोरडा नव्हता. गॅस जागेवर होता.

बर्फ वितळवण्यासाठी टेबलपंखा समोर लावला आणि गरम पाण्याने भरलेले पातेले वरच्या कप्प्यात, खाली फडके ठेवून, तीन-चार वेळा बदलले. केस वाळवण्याचे यंत्र वापरण्याचा सल्ला बरेच जण देतात, परंतु पाणी टपकत असताना हातात विजेचे उपकरण धरणे मला योग्य वाटले नाही, आणि त्याची झळ एकाच जागी लागून आतले प्लास्टिक वाकडे होण्याची भीती असते. परातीत आणि पंच्यांत मिळून दोन लिटरच्या आसपास पाणी निघाले. संध्याकाळपर्यंत कॉइल मोकळी झाली, तरी आम्ही रात्रभर सगळे उघडेच ठेवले, कारण हवेच्या खाली जाणाऱ्या वाटेत अडकलेला बर्फ डोळ्यांना दिसत नाही. वरवरचा बर्फ काढून लगेच फ्रीज चालू केला तर तो आतला गोळा तसाच राहतो आणि आठवड्याभरात रड पुन्हा सुरू होते.

कॉइलखालच्या पन्हाळीतील पाणी जाण्याचे भोक पूर्ण बुजले होते. भाजीच्या खणाखाली साचणारे पाणी हेच होते. वाट न मिळाल्याने ते आतून खाली ओघळत होते. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या पन्नास मिलिच्या, सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजने मी त्यात कोमट पाणी हळूहळू सोडले. पहिल्या पाच-सहा वेळा पाणी परत वर आले, मग एकदम गुळगुळ आवाज झाला आणि मागच्या बाजूला काळसर, बुळबुळीत गाळ बाहेर पडला. नळीच्या खालच्या टोकाला रबराची एक चपटी झडप होती. बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून ती असते, पण गाळ धरून ठेवण्याचे कामही तीच करते. ती काढून धुतली. मग एक पेलाभर पाणी ओतले ते अडथळ्याशिवाय खालच्या ट्रेमध्ये उतरले.

रविवारी तपासणी केली आणि मला या सगळ्या कामातला हा भाग सर्वात मोलाचा वाटतो. हीटरच्या वाटेवर तीन वस्तू एकापाठोपाठ जोडलेल्या असतात: हीटर स्वतः, बायमेटल म्हणजे तापमानानुसार वीज जोडणारा-तोडणारा स्विच, आणि थर्मल फ्यूज. हीटरवर २३० व्होल्ट, १५० वॅट असे लिहिले होते. २३० चा वर्ग करून त्याला १५० ने भागले की सुमारे ३५३ येतात, म्हणजे मीटरवर साधारण ३५० ओहम दिसायला हवेत. ३४८ दिसले, हीटर चांगला होता. एवढासा हीटर इतका बर्फ कसा वितळवणार, अशी शंका मला आली होती. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते आणि दीडशे वॅटचा हीटर अर्ध्या तासात २७० किलोज्यूल देतो, म्हणजे सगळी उष्णता बर्फालाच मिळाली असे धरले तरी तो फार तर आठशे ग्रॅम बर्फ वितळवेल. आठ-दहा तासांत साचलेल्या पातळ थरासाठी तो भरपूर आहे, पण महिन्याभराच्या भिंतीपुढे त्याचे काही चालत नाही. त्यामुळे एकदा का तो काही दिवस बंद राहिला की नंतर आपोआप चालू झाला तरी परिस्थिती सावरू शकत नाही.

जोड सलग असेल तर मीटर बीप देतो, पण थर्मल फ्यूज तपासला तेव्हा तो गप्प राहिला. हा फ्यूज नेहमी जोडलेला असायला हवा. त्यावर ७२ अंश असे छापले होते, म्हणजे कॉइलजवळ त्याहून जास्त उष्णता झाली की आतला जोड वितळतो आणि हीटर कायमचा बंद होतो. दोष सापडला म्हणून मी लगेच दुकानाकडे निघाले होते, पण काकांनी विचारले, “फ्यूज उडाला हे ठीक, पण तो का उडाला?” बायमेटलचे काम असे की कॉइल गार असताना त्याने वीज जाऊ द्यायची आणि बर्फ वितळून कॉइल थोडी गरम झाली की वीज तोडायची. खोलीत त्या वेळी २९ अंश तापमान होते, म्हणजे त्याने वीज तोडलेली दिसायला हवी होती. मीटरने बीप दिला. गरम पाण्याच्या भांड्यावर धरला तरी बीप चालूच राहिला. तो आतून चिकटला होता, वीज तोडतच नव्हता, त्यामुळे बर्फ संपल्यावरही हीटर तापत राहिला आणि शेवटी फ्यूजने स्वतःचा जीव देऊन पुढचा धोका टाळला. नुसता फ्यूज बदलला असता तर नवाही काही दिवसांत उडाला असता.

ठाणे स्टेशनजवळच्या गल्लीत फ्रीज-वॉशिंग मशीनचे सुटे भाग मिळतात. जुने भाग, चिकटपट्टीचा फोटो आणि तारांचा फोटो घेऊन मी भर पावसात तिथे गेले. बायमेटल आणि फ्यूज एकत्र असलेला जोड मला तीनशे वीस रुपयांना मिळाला. दुकानात उभ्या असलेल्या एका माणसाने सल्ला दिला की फ्यूजला पैसे कशाला घालता, तार डायरेक्ट करा, फ्रीज मस्त चालेल. फ्रीज चाललाही असता. पण बायमेटल पुन्हा चिकटला तर प्लास्टिकच्या भिंतींमध्ये आणि पेट घेणाऱ्या वायूच्या नळीशेजारी तापत राहणाऱ्या हीटरला थांबवणारे काहीच उरले नसते. ज्या घरात रात्री फ्रीजपासून पाच फुटांवर एक वृद्ध बाई झोपते त्या घरात मी तसे करू शकत नव्हते, आणि कोणीही करू नये असे मला मनापासून वाटते.

नवा बायमेटल बसवण्यापूर्वी मी तो घरी तपासला. खोलीत ठेवला तेव्हा त्याने वीज तोडलेली होती, म्हणजे तो बरोबर होता. मग काकूंकडून आणलेल्या बर्फाचा चुरा आणि मूठभर खडे मीठ एका पिशवीत मिसळून, बायमेटल प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यात खोचला. बर्फात मीठ मिसळले की तापमान शून्याच्या बरेच खाली जाते, पूर्वी घरी आइस्क्रीमचे पॉट फिरवताना हेच करत असू. दहा मिनिटांत मीटरने बीप दिला. दुकानातून आणलेला भाग चालू आहे याची ही खात्री पॅनेल बंद करण्याआधी करून घेणे केव्हाही चांगले, नाहीतर पुढचे कळायला पंधरवडा जातो.

जोडणीत एक बारकावा आहे. थर्मल फ्यूजच्या तारेला डाग देऊन सोल्डर केले तर त्या उष्णतेनेच तो वितळू शकतो. म्हणून काकांनी धातूच्या बारीक नळ्या पकडीने दाबून तारा जोडल्या, त्यावर आकसणारी स्लीव्ह चढवली आणि आत पाणी जाऊ नये म्हणून दोन्ही टोके सिलिकॉनने बंद केली. बायमेटल पूर्वी होता त्याच जागी, कॉइलच्या वरच्या नळीला क्लिपने घट्ट बसवला. तो सैल राहिला तर कॉइलचे तापमान त्याला कळत नाही. पॅनेल लावताना मागचा थर्माकोल नीट बसला आहे आणि पंखा बोटाने मोकळा फिरतो आहे हे पाहिले.

टायमर उरला होता. आमच्या फ्रीजमध्ये तो खालच्या कप्प्याच्या छतात, थर्मोस्टॅटच्या डब्याआड आहे. त्याच्या मधोमध खाच असलेला एक प्लास्टिकचा दांडा असतो. प्लग काढलेलाच ठेवून आम्ही फ्रीज सुरू करण्याआधी तो हळूहळू फिरवून पाहिला. एका ठिकाणी टक् असा आवाज आला आणि पुढे थोडे फिरल्यावर दुसरा. पहिल्या आवाजापासून दुसऱ्यापर्यंत हीटरची वेळ. दांडा कॉम्प्रेसरच्या भागात ठेवून फ्रीज चालू केला आणि रात्रभर चालू दिला. सकाळी प्लग काढून दांडा पहिल्या टक्पर्यंत आणला आणि पुन्हा वीज दिली. कॉम्प्रेसर आणि पंखा दोन्ही गप्प राहिले. सात-आठ मिनिटांनी पॅनेलमागून चुर्र असा बारीक आवाज येऊ लागला आणि पाव तासाने मागच्या ट्रेमध्ये पाण्याचे थेंब पडल्याचे ऐकू आले. अर्ध्या तासाच्या आत टायमर आपोआप पुढे सरकला आणि कॉम्प्रेसर पूर्ववत सुरू झाला. तो थेंबांचा आवाज ऐकताना मला जे समाधान झाले ते शब्दांत सांगणे अवघड आहे. सासूबाईंनाही मी बोलावून ऐकवला.

त्याच दिवशी रात्री पेल्यातील थर्मामीटरवर ७ अंश आले, दुसऱ्या दिवशी सकाळी ४, आणि वरच्या कप्प्यात उणे १७. तीन दिवस आकडे स्थिर राहिल्यावरच मी काकूंकडून इन्सुलिन परत आणले. ते आता दरवाजात न ठेवता मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला टेकणार नाही अशा डब्यात ठेवते, कारण दरवाजातील तापमान सर्वात जास्त खालीवर होते आणि मागच्या भिंतीजवळ, गार हवा जिथून आत येते तिथे, वस्तू गोठू शकते.

दरवाजाचे रबर साबणाच्या कोमट पाण्याने आणि जुन्या दातांच्या ब्रशने घडी उलगडून धुतले. दबलेल्या कोपऱ्यावर गरम पाण्यात पिळलेले फडके चार-पाच वेळा धरले, तेव्हा रबर नरम होऊन पुन्हा फुगले, आणि आता तिथेही नोट अडकते. फ्रीजचे पुढचे पाय किंचित वर केले, त्यामुळे अर्धवट सोडलेला दरवाजा आपसूक लागतो.

मागचा ट्रे मात्र मला सर्वात जास्त अस्वस्थ करून गेला. दहा वर्षांत तो कोणी पाहिला नव्हता. गाळाखाली पाणी साचले होते आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात घरोघर फिरणारे आरोग्य कर्मचारी फ्रीजच्या ट्रेबद्दल विचारतात, तेव्हा मी दरवर्षी त्यांना आमच्याकडे तसे काही नाही असे उत्तर देत आले होते, आणि ते उत्तर चुकीचे होते. आता दर शनिवारी प्लग काढून ट्रे पुसला जातो.

ज्या कामांना आम्ही हात लावला नाही तीही सांगायला हवीत. गॅसची नळी कापणे, झाळणे किंवा भरणे हे घरी करण्याचे काम नाही. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास आयसोब्यूटेन मिसळला तरी तो पेट घेऊ शकतो, आणि ते काम त्या वायूचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसानेच, नळीतील हवा पंपाने पूर्ण काढून करायचे असते. कॉम्प्रेसरशेजारचे रिले, ओव्हरलोड आणि कपॅसिटर हे विजेचे भागही आम्ही उघडले नाहीत. कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहते. कॉइलवर अर्धवट बर्फ दिसला असता किंवा नळीच्या जोडावर तेलाचा डाग आढळला असता तर मी पॅनेल पुन्हा लावून त्याच मेकॅनिकना बोलावले असते. त्यांना मी फोन करून काय सापडले ते सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि बायमेटल कुठून घेतला ते विचारले.

महिन्याभराने, श्रावणात, मी एका रविवारी पॅनेल पुन्हा काढले. या वेळी ते विनासायास निघाले. कॉइलचे सगळे वेढे मोजता येत होते आणि त्यांवर नखाएवढाही नाही असा पातळ, सारखा पांढरा थर होता. पन्हाळीतील भोक मोकळे होते. पॅनेलच्या आतल्या बाजूवर मी पेन्सिलने बायमेटल बदलल्याची तारीख लिहिली आणि स्क्रू पुन्हा लावले.